‘ते’ म्हणजे नक्की कोण? ज्यूद्वेषाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

ज्यूद्वेष पुन्हा का वाढतो आहे आणि लोकशाही इतक्या सहज का मोडते, हे दोन विषय तू दोन वेगळ्या वह्यांत मांडायचं ठरवलं आहेस. माझा पहिला सल्ला असा, की वही एकच ठेव. वेगळे ठेवले तर दोन्ही अर्धे कळतात.

कारण सांगतो. बहुतेक द्वेष समोरच्याला आपल्यापेक्षा खालचा ठरवतात. ज्यूद्वेष तेही करतो, पण त्याच दमात तो ज्यूंना सर्वशक्तिमानही ठरवतो. बँका त्यांच्या, वर्तमानपत्रं त्यांची, क्रांती त्यांनी घडवलेली आणि भांडवलशाहीही त्यांचीच. जग कसं चालतं याचं हे एक तयार उत्तर आहे. ते एकदा पटलं की मत देणं, कोर्टात जाणं, बातमी वाचणं या सगळ्यांतला अर्थ निघून जातो. खरा निर्णय पडद्याआडचे लोक घेतात अशी खात्रीच झालेली असते. अशा माणसाला संसद बंद पडल्याचं दुःख होत नाही. म्हणून हा विषय फक्त एका अल्पसंख्य समाजाच्या सुरक्षिततेचा नाही.

सुरुवात वायमार जर्मनीपासूनच कर, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या आणि हिटलरच्या आधीच्या जर्मन प्रजासत्ताकापासून. ते उदाहरण घासून गुळगुळीत झालंय हे मान्य, पण बहुतेकांना त्यातलं फक्त शेवटचं पान माहीत असतं. तू आकडे आधी लिहून काढ. नाझी पक्षाला मे १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती, सप्टेंबर १९३० मध्ये १८.३, जुलै १९३२ मध्ये ३७.३ आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३३.१. म्हणजे हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हा त्याच्या पक्षाची मतं उतरणीला लागली होती. ३० जानेवारी १९३३ ची नेमणूक राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी केली, आणि त्यांना ती पटवली फॉन पापेन यांच्यासारख्या रूढिवादी पुढाऱ्यांनी. या माणसाला आपण सरकारात घेऊन ताब्यात ठेवू, असा त्यांचा हिशोब होता. ‘लोकांनीच निवडून दिलं’ हे वाक्य तू कुठे वाचलंस तर समासात खूण कर; ते अर्धसत्य आहे.

आता त्याच्या आधीची पंधरा-सोळा वर्षं बघ, कारण खरा अभ्यास तिथे आहे. ऑक्टोबर १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, प्रशियाच्या युद्धमंत्रालयाने सैन्यातल्या ज्यूंची वेगळी मोजणी करण्याचा हुकूम काढला. ज्यू आघाडीवर जायचं टाळतात, अशा तक्रारी आल्या होत्या. मोजणी झाली, पण निकाल युद्धकाळात जाहीरच केला नाही. आकडे दडवल्यामुळे संशय तेवढा पसरला. जर्मनीसाठी सुमारे १२,००० ज्यू सैनिक त्या युद्धात मेले, तरी देशाच्या ‘पाठीत खंजीर’ खुपसून युद्ध हरवणारे म्हणून पुढे बोट त्यांच्याकडेच दाखवलं गेलं. सरकारने एखाद्या समाजाची ‘फक्त माहितीसाठी’ मोजणी काढली, की मोजणीमागची तक्रार कोणाची आणि निकाल कोणाच्या हाती, हे दोन प्रश्न तू आधी विचारायचे ते यासाठी.

मग न्यायालयं. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ यांचा बर्लिनमध्ये भर रस्त्यात खून झाला. ते ज्यू होते. त्यानंतर प्रजासत्ताकाच्या रक्षणाचा खास कायदा झाला. त्यात राजद्रोहात दोषी ठरलेल्या परकीयाला देशाबाहेर घालवण्याची तरतूद होती. १९२४ मध्ये म्युनिकच्या कोर्टात आदल्या वर्षीच्या फसलेल्या उठावाबद्दल हिटलर दोषी ठरला तेव्हा तो ऑस्ट्रियाचा नागरिक होता. कोर्टाने त्याची मनोवृत्ती जर्मन असल्याचं सांगून त्याला त्या कलमातून सूट दिली. शिक्षा पाच वर्षांची, आणि डिसेंबर १९२४ मध्ये तो सुटलाही. कायदा कमकुवत होता असं म्हणता येत नाही. लावणारा न्यायाधीश प्रजासत्ताकाच्या बाजूचा नव्हता.

राज्यघटनेतली फट कलम ४८ मध्ये होती. आणीबाणीत राष्ट्राध्यक्षाला अध्यादेश काढता येत, आणि संसद साध्या बहुमताने ते रद्द करू शकत असे. जुलै १९३० मध्ये संसदेने तसं केलं, तर राष्ट्राध्यक्षांनी संसदच विसर्जित केली आणि अध्यादेश पुन्हा काढला. दोन्ही अधिकार घटनेतच होते. ते एकापाठोपाठ एक वापरले की संसदेचा नकार निकामी होतो, हे घटना लिहिताना पुरेसं ओळखलं गेलं नाही. १९३२ पर्यंत संसदेने वर्षभरात केलेले कायदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते आणि अध्यादेश साठाच्या वर गेले होते. नंतर हिटलरला संसद मोडायची फारशी गरज उरली नाही; ती आधीच वापरातून गेली होती.

पुढचे दिवस तारखेनिशी पाठ कर. २७ फेब्रुवारी १९३३ ला राइशटागला, म्हणजे संसदेच्या इमारतीला, आग लागली, २८ ला अध्यादेशाने भाषण, सभा, टपालाची गुप्तता, घरझडती यांवरचे हक्क स्थगित झाले. ५ मार्चच्या निवडणुकीत एवढी दहशत असूनही नाझींना ४३.९ टक्केच मिळाले. २३ मार्चला सर्वाधिकाराचा कायदा, म्हणजे सरकारला संसदेशिवाय कायदे करू देणारा, ४४४ विरुद्ध ९४ ने संमत झाला. त्यासाठी दोन तृतीयांश सभासद हजर असावे लागत. तेव्हा ‘कारण न देता गैरहजर राहिलेला सभासद हजर धरावा’ असा नियम संसदेचा नाझी अध्यक्ष ग्योरिंग याने आधी करून घेतला. कम्युनिस्ट सभासद तुरुंगात किंवा फरार होते. विरोधात बोलले ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाचे ओटो वेल्स. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, ७ एप्रिलला सरकारी नोकरीतून ज्यूंना काढण्याचा कायदा, १४ जुलैला नवे पक्ष काढण्यावर बंदी. क्रम नीट बघ. ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा इतर पक्ष कागदावर अजून होते. त्यांनी तो प्रश्न आपला मानला नाही.

इथे एक सावधगिरी. १९३० ते ३२ मध्ये नाझींना मत देणारा प्रत्येक जण कडवा ज्यूद्वेष्टा होता असं समजू नकोस. पुष्कळांना नोकरी हवी होती, शेतमालाला भाव हवा होता, कम्युनिस्टांची भीती वाटत होती. पक्षही काही भागांतल्या प्रचारात ज्यूंचा विषय मागे ठेवत असे. त्या मतदारांनी एवढंच केलं, की हा द्वेष ‘थोडा अतिरेक’ म्हणून चालवून घेतला. जर्मनीच्या लोकसंख्येत ज्यू एक टक्काही नव्हते. एवढ्या थोड्या लोकांचा प्रश्न दुय्यम वाटणं सोपं होतं. आजच्या मतदारांशी बोलताना तुला हाच माणूस जास्त भेटेल. त्याच्याशी द्वेष्टा म्हणून बोललीस तर संभाषण तिथेच संपतं.

ज्यूंनी काही केलं नाही, हाही एक गैरसमज. १८९३ मध्ये स्थापन झालेली जर्मन ज्यूंची मध्यवर्ती संघटना वर्षानुवर्षं खटले लढवत होती, सभांना वक्ते पाठवत होती. ‘अँटी-अँटी’ नावाची सुट्या पानांची पुस्तिका तिने काढली होती. एकेका आरोपाला एकेक पान, त्यावर उत्तर आणि आधार, म्हणजे वक्त्याला सभेत लगेच सापडावं. युलिउस श्ट्रायखरसारख्या नाझी संपादकाला या मंडळींनी शिक्षाही करायला लावल्या. तरी हरले. न्यायालयातली प्रत्येक केस श्ट्रायखरसाठी जाहिरात झाली, आणि जो वाचक ‘त्यांच्या’ पुराव्यावर विश्वासच ठेवत नव्हता त्याच्यापर्यंत पुस्तिका पोचून उपयोग नव्हता. तथ्यं लागतातच, पण ती कोणाच्या तोंडून येतात यावर बरंच ठरतं. ज्यूंवरच्या आरोपाचं उत्तर दर वेळी ज्यूंनीच द्यावं लागलं, तर ते अर्धं हरलेलं असतं.

त्याच संघटनेतले आल्फ्रेड वीनर १९३३ मध्ये अॅमस्टरडॅमला गेले आणि त्यांनी नाझींची वर्तमानपत्रं, पत्रकं, परिपत्रकं पद्धतशीर गोळा करायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हिंसाचारानंतर काही आठवड्यांत त्यांच्या कार्यालयाने साडेतीनशेहून अधिक साक्षी टिपल्या. १९३९ मध्ये तो संग्रह लंडनला हलला आणि युद्धानंतरच्या खटल्यांत पुराव्यासाठी उपयोगी पडला. तुझ्या कामाचा नमुना म्हणून मी याच माणसाकडे बोट दाखवीन.

आता खोट्याचा माग कसा काढायचा ते. सराव म्हणून ‘प्रोटोकॉल्स’ घे. ज्यू पुढाऱ्यांच्या गुप्त बैठकीची टिपणं म्हणून १९०३ मध्ये रशियातल्या एका वर्तमानपत्रात ती क्रमशः छापली गेली. १९२० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने त्यांची चौकशी व्हावी असं गांभीर्याने लिहिलं, आणि ऑगस्ट १९२१ मध्ये त्याच पत्राचे वार्ताहर फिलिप ग्रेव्हज यांनी ती बनावट असल्याचं सिद्ध केलं. पद्धत साधी होती. १८६४ मध्ये मॉरिस जोली या फ्रेंच वकिलाने तिसऱ्या नेपोलियनवर उपहासात्मक संवाद लिहिले होते. त्यातल्या परिच्छेदांशेजारी ‘प्रोटोकॉल्स’चे परिच्छेद छापले. उचलेगिरी उघड दिसली. मूळ पुस्तकात ज्यूंचा उल्लेखही नाही. मग खोटं थांबलं का? नाही. समर्थक म्हणू लागले, कागद बनावट असेल, पण आतला मजकूर खराच आहे. हे वाक्य आजही रोज कुठेतरी ऐकू येतं: ‘फॉरवर्ड खोटा असेल, पण मुद्दा चूक नाही.’ तिथे पोचलेल्या माणसाला आणखी पुरावे देऊ नकोस. त्याला एकच विचार, ‘हे खोटं आहे असं तुम्हांला कशामुळे पटेल?’ उत्तर नसेल तर बोलणं त्याच्यापुरतं थांबव, आणि ऐकणाऱ्या बाकीच्यांसाठी लिही.

आपल्याकडे मराठीत फिरतो तो रॉथशिल्ड या ज्यू बँकर घराण्याबद्दलचा मजकूर. वॉटर्लूची लढाई नेथन रॉथशिल्डने डोळ्यांनी पाहिली, धावत लंडन गाठलं आणि शेअर बाजार लुटला, वगैरे. नेथन वॉटर्लूला नव्हताच. ही कथा पॅरिसमध्ये १८४६ मध्ये निघालेल्या एका निंदापत्रकातून पसरली, म्हणजे लढाईनंतर ३१ वर्षांनी. असा मजकूर हाती आला की दावा एका वाक्यात लिही, त्यातला ‘ते’ काढून तिथे माणसाचं किंवा संस्थेचं नाव घाल, मग ती गोष्ट पहिल्यांदा कधी छापली गेली ते शोध. निम्मे दावे दुसऱ्या पायरीलाच कोसळतात, कारण नाव घालताच येत नाही.

उत्तर लिहिताना खोटं वाक्य मथळ्यात घेऊ नकोस, प्रश्नचिन्ह लावूनही नाही. लोक मथळाच पुढे पाठवतात. आधी खरं सांग, मग खोट्याचा एकदाच उल्लेख, मग पुन्हा खरं. व्यंगचित्र किंवा पोस्टर दाखवणं भाग असेल तर त्यावर आडवी ठळक पट्टी मार, म्हणजे ते तुझ्या लेखातून कापून पुन्हा फिरवता येणार नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर काकांनी काही टाकलं तर पहिला निरोप त्यांना एकट्याला पाठव. चारचौघांत चूक दाखवली की माणूस चुकीला चिकटतो.

आजच्या लोकशाहीचं उदाहरण म्हणून हंगेरी घे, कारण तिथे रणगाडे आले नाहीत. २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षाला ५२.७ टक्के मतांवर दोन तृतीयांशाहून अधिक जागा मिळाल्या. तेवढ्या बळावर एकट्या पक्षाने नवी राज्यघटना केली, घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश ११ वरून १५ केले, इतर न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणून जुनी माणसं एका फटक्यात घरी पाठवली. निवडणुकीचे नियम बदलल्यावर २०१४ मध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास मतांवर पुन्हा दोन तृतीयांश. प्रत्येक पाऊल संसदेत कायदा करूनच टाकलेलं होतं.

मग शत्रू लागला. २०१७ च्या उन्हाळ्यात देशभर जॉर्ज सोरोस या धनाढ्य गुंतवणूकदाराच्या हसऱ्या चेहऱ्याचे फलक लागले, ‘शेवटचं हसू सोरोसचं होऊ देऊ नका’ या अर्थाचे. सोरोस बुडापेस्टमध्ये जन्मलेले, नाझी राजवटीतून वाचलेले ज्यू. तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान स्वतः तरुणपणी त्यांच्याच संस्थेच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते. फलकांवर ‘ज्यू’ हा शब्द नव्हता. तो लोकांनी काही ठिकाणी हाताने लिहिला. हंगेरीतल्या ज्यू संघटनेने फलक काढण्याची विनंती केली. सरकारचं उत्तर असं, की आमचा विरोध एका धनिकाच्या स्थलांतरविषयक भूमिकेला आहे. इस्रायलच्या राजदूतांनी आधी निषेध केला, पण लगेच इस्रायलच्या परराष्ट्र खात्याने सोरोसवरची टीका गैर नाही असा खुलासा केला. हे मुद्दाम सांगतो. इस्रायलशी दोस्ती म्हणजे ज्यूद्वेष नाही, असं समीकरण मांडू नकोस. दोन्ही एका सरकारात सुखाने नांदू शकतात.

एखाद्या श्रीमंत ज्यू माणसावर टीका करायचीच नाही का? जरूर करावी. त्याने कोणत्या वर्षी, कोणत्या संस्थेला, किती पैसे, कशासाठी दिले हे लिहिलं की ती टीका. ‘सगळ्यामागे तोच’ असं म्हटलं की पुराव्याची गरजच संपते, आणि मोर्चा काढणारे तुझे शेजारीही कोणाचे तरी भाडोत्री ठरतात.

हा सिद्धांत माणसं मारतो, आणि नेहमी ज्यूंनाच असंही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ जण मारले गेले. निर्वासितांना मदत करणाऱ्या ज्यू संस्थेचा राग मारेकऱ्याने आधी जाहीरपणे लिहून ठेवला होता. पुढच्या वर्षी योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी जर्मनीतल्या हाले शहरात एकाने सिनेगॉगचं दार फोडायचा प्रयत्न केला. आत पन्नासहून अधिक माणसं होती. दार टिकलं, मग त्याने रस्त्यावरची एक स्त्री आणि कबाबच्या दुकानातला एक तरुण मारला. हा उजव्या टोकाचा प्रकार. पण १९५३ च्या जानेवारीत स्टालिनच्या राज्यात ज्यू डॉक्टरांवर रचलेला कटाचा आरोप, किंवा १९६८ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने ‘झायोनिस्ट’ (ज्यू राष्ट्राचे समर्थक) म्हणून हजारो ज्यूंना देश सोडायला लावणं, हे डावीकडचं आहे. पॅरिसमध्ये ज्यू आहारनियमांनुसार माल विकणाऱ्या कोशर दुकानातले चार बळी (जानेवारी २०१५) जिहादी हल्ल्याचे. ज्याला फक्त समोरच्या गटातला ज्यूद्वेष दिसतो, तो हा विषय अभ्यासत नाही, वापरतो. तुझ्या वहीत तिन्ही रकाने हवेत.

७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध, यानंतर घटनांचे आकडे सगळीकडे उसळले. इथे फार जपून. ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीगने २०२३ साठी ८,८७३ आणि २०२४ साठी ९,३५४ घटना नोंदवल्या. जर्मनीच्या रिआस या नोंदणी संस्थेने २०२४ साठी ८,६२७. पण यांत मारहाण, स्मशानाची नासधूस, भिंतीवरचा मजकूर, सभेतली घोषणा, सगळं येतं, आणि कोणती घोषणा मोजायची यावर वाद आहे. लीगच्या २०२४ च्या निम्म्याहून अधिक घटना इस्रायलशी निगडित होत्या. एफबीआय फक्त गुन्हे मोजते. तिची २०२३ ची नोंद १,८३२ आहे. दोन संस्थांचे आकडे एका आलेखात कधी टाकू नकोस. आकडा लिहिताना कोण मोजतं, काय मोजतं आणि व्याख्या मधे बदलली का, हे त्याच ओळीत लिही. आणि वादग्रस्त नोंदी बाजूला काढल्या तरी वाढ उरते का, ते स्वतः तपास. एफबीआयच्या नोंदीत धर्मद्वेषातून झालेल्या गुन्ह्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक ज्यूंविरुद्ध आहेत. अमेरिकेच्या लोकसंख्येत ज्यू सुमारे दोन टक्के. म्हणून ‘आकडे फुगवलेत’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

व्याख्यांचे दोन मसुदे शेजारी ठेवून वाच. एक २०१६ चा, होलोकॉस्टच्या (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या) स्मरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आघाडीचा. त्यात ११ उदाहरणं आहेत आणि त्यांपैकी ७ इस्रायलशी संबंधित. दुसरा मार्च २०२१ चा जेरुसलेम जाहीरनामा. पहिल्यामुळे रास्त टीकाही दाबली जाते असं वाटणाऱ्या अभ्यासकांनी तो लिहिला. माझी रोजच्या वापरातली कसोटी याहून साधी आहे. इस्रायलच्या सरकारवर, सैन्यावर, वसाहतींवर किंवा गाझातल्या मृत्यूंबद्दल जी कडक भाषा वापरतेस, ती दुसऱ्या कोणत्याही देशाबद्दल वापरता येईल अशी असावी. पण राग इस्रायलवर आणि दगड मॅंचेस्टरच्या सिनेगॉगवर, असं झालं की प्रश्न संपला. तिथे २ ऑक्टोबर २०२५ ला, योम किप्पूरच्याच दिवशी, झालेल्या हल्ल्यात दोन भाविकांचा जीव गेला.

आता आपलं अंगण. कोकणातले बेने इस्रायल ज्यू मराठी बोलतात, त्यांची आडनावं दिवेकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. भारताने ज्यूंना छळलं नाही हा अभिमान खरा आहे, म्हणूनच त्याचा उशीसारखा वापर करू नये. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊसमध्ये माणसं ज्यू म्हणून मारली गेली; मारेकरी बाहेरून आले होते. पण २००६ मध्ये नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचं नाव देणारे आपलेच होते. ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर ते बदललं. त्यात द्वेष नव्हता, अज्ञान होतं. ‘शिस्त लावायला हिटलरच पाहिजे’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. बोलणाऱ्याला २८ फेब्रुवारी १९३३ चा अध्यादेश वाचून दाखव, ज्यूंबद्दल एक शब्दही न काढता. आपला फोन, आपलं पत्र, आपली झडती, हे त्याला लगेच कळतं.

अलिबागच्या इस्रायल आळीत किंवा पुण्याच्या लाल देवळात (तेही सिनेगॉगच) गेलीस, तर आधी कळवून जा, ओळखपत्र बरोबर ने. तिथली सुरक्षा उगाच नाही. लोकांशी त्यांच्या सणांबद्दल, मराठी कीर्तनांबद्दल, कोकणातल्या तेलाच्या घाण्यांबद्दल बोल. गाझाचा जाब त्यांना विचारू नकोस.

कामाची रीत शेवटी सांगतो. रोज एकच नोंद, पण पुरी. मजकूर शब्दशः, भाषा, कुठे दिसला, तारीख आणि वेळ, पत्ता, स्क्रीनशॉट, आणि वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानं जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, साठवलेली प्रत. पान दुसऱ्या दिवशी गायब होतं हे धरूनच चालायचं. खासगी ग्रुपमधलं असेल तर माणसांची नावं आणि नंबर झाक. त्याखाली वेगळ्या शाईत तुझं मत, म्हणजे पुरावा आणि मत मिसळणार नाही. सोबत लोकशाहीचा रकाना: त्या आठवड्यात न्यायाधीशांच्या नेमणुका, निवडणूक आयोग, अध्यादेश, विद्यापीठं यांबद्दल त्या देशात काय बदललं. सलग तासापेक्षा जास्त वेळ असं साहित्य वाचू नकोस, आणि झोपण्यापूर्वी तर मुळीच नको.

एक देश निवड, दोन नको. जर्मन येत नसेल तर जर्मनी निवडू नकोस. इंग्रजीतून मिळणारी नोंद आधीच कोणीतरी चाळलेली असते. ब्रिटन किंवा अमेरिका घेतलीस तरी चालेल. पहिल्या तीस नोंदी झाल्या की वही पाठव. ज्या नोंदीला तारीख नसेल ती गाळून पाठव.

तुझा,
एक जुना शिक्षक